कडी आतून

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत, चहा झाल्यावर, एका मैत्रिणीनं सगळ्यांदेखत मला विचारलं, “ताई, तुम्ही म्हणे स्वतःसाठी खोली सजवलीत. पडदे, दिवे, नवी गादी. खरं का?”

मी म्हटलं, “खरं आहे.”

“किती खर्च आला?”

“२७ हजार ४०० रुपये.”

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, “इतकी वर्षं आपण चंगळवादाविरुद्ध बोलतोय. तेवढ्या पैशात वस्तीतल्या दोघीचौघींच्या फिया भरल्या असत्या.”

त्या दिवशी मी गप्प बसले. घरी येऊन खूप विचार केला. तिचं चुकतंय असं वाटत होतं, पण कुठं चुकतंय ते सांगता येत नव्हतं. आता सांगता येतंय, म्हणून लिहिते. हे उत्तर तिच्या एकटीसाठी नाही. बाईच्या विसाव्याला चैन समजणाऱ्या आपल्या सगळ्याजणींसाठी आहे. त्यात मीही अनेक वर्षं होते.

आधी माझी हकीकत. जिल्ह्याच्या गावी सरकारी रुग्णालयात मी ३५ वर्षं परिचारिका होते. महिन्यातून आठवडाभर तरी रात्रपाळी असायची. रात्री आठला जायचं, सकाळी आठला सुटायचं. घरी आलं की मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधं, धुणं, पोळ्या. दुपारी दीड-दोनला पाठ टेकायची, ती हॉलमधल्या दिवाणावर. टीव्ही चालू, दाराची बेल चालू, कुकरच्या शिट्ट्या चालू. ‘झोपलीस का गं?’ असं विचारूनच मला उठवलं जायचं. तीन वाजता मुलं परत. पुन्हा रात्री आठला इंजेक्शनची सिरिंज हातात. एखाद्या रात्री हात थरथरायचा. त्या थरथरण्यानं कुणाचा जीव गेला नाही, हे माझं नशीब आणि पेशंटचंही.

घर लहान होतं म्हणून असं झालं असं म्हणावं, तर तेही खरं नाही. आमच्या घरात हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एक आमची दोघांची. तिथं यांचं टेबल, यांचे कागद, यांचा रेडिओ आणि सासरे गेल्यावर त्यांची कपाटं. दुसरी खोली मुलाची. तो दहावीला गेला तेव्हा ती त्याला अभ्यासासाठी दिली. कुणी दिली? मीच दिली. मुलगी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. तिची दहावी, बारावी, नर्सिंगची प्रवेश परीक्षा, सगळं स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी झालं. लग्न होऊन जाईपर्यंत ती हॉलमध्ये गादी घालून झोपली आणि रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ती गादी गुंडाळून ठेवत आली. त्याच वर्षांत मी ८ मार्चच्या सभेत ‘मुलगा-मुलगी समान’ म्हणून भाषण करत होते. हे लिहिताना लाज वाटते. पण लिहायलाच हवं. कारण घरातल्या जागेची वाटणी कुणी दुष्ट माणूस करत नाही. ती माझ्यासारख्या बाया करतात, हसत हसत करतात.

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. वर्षातून जेमतेम आठ दिवस येतो. तरी ती खोली ‘त्याची’च होती. आम्ही तिथं धान्याचे डबे, जास्तीच्या गाद्या आणि बंद पडलेलं शिलाई मशीन ठेवत होतो, पण कुणी झोपत नव्हतं. निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी जाहीर केलं, की ही खोली मी घेतेय.

मग जे झालं ते तुम्हांला ओळखीचं वाटेल. मुलाचा फोन आला, “आई, बाबांशी काही भांडण झालंय का?” वन्सं आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “अगं, या वयात वेगळं निजणं शोभतं का? लोक काय म्हणतील?” शेजारणीनं तर सरळ विचारलं, “अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?” बाईला वेगळी खोली लागते ती तीनच कारणांनी: बाळंतपण, आजार किंवा नवऱ्याशी बिनसणं. चौथं कारण असू शकतं, म्हणजे तिला हवी असते एवढंच, हे कुणाच्या मनाला शिवत नाही.

याला इतिहास आहे. जुन्या वाड्यांत ओटी, सोपा, दिवाणखाना ही पुरुषांची जागा. बायका माजघरात आणि स्वयंपाकघरात. त्यांच्या नावानं एकच खोली ओळखली जायची, ती बाळंतिणीची. अंधारी, धुरकट, खिडकी असली तर लावून घेतलेली. बाकी त्या तीन दिवसांत बाजूला बसायचा कोपरा. आणि नवरा गेला तर अडगळीच्या शेजारचं घोंगडं. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांसाठी गावाबाहेरचं कुर्माघर असतं, तेही याच जातीचं. माझी आजी सांगायची, की बाजूला बसल्यावर निदान तीन दिवस पाठीला आराम मिळायचा. आपल्यातल्याही काहीजणी हे कौतुकानं सांगतात. मला त्याचा संताप येतो. विटाळ अंगावर घेतल्याशिवाय जिला विश्रांती मिळत नाही, तिच्या घराला काय म्हणायचं?

शहरानं हे बदललं का? मुंबईच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. गिरण्यांच्या काळात कामगार पाळीपाळीनं झोपत. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच जागेवर आडवी होई. आणि त्यांचे डबे करणाऱ्या खानावळवाल्या बायका? त्यांना पाळी नव्हती. तिन्ही पाळ्यांचा स्वयंपाक त्याच करत. प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा कुठं त्यांचं राबणं लोकांना दिसलं. राबणं दिसलं. पण झोप कुठं होती, हा प्रश्न आपण तेव्हाही मोठ्यानं विचारला नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटं. साधारण दीड तास आणि पाच तास. हा फरक कशातून भरून निघतो? बाईच्या झोपेतून आणि तिच्या रिकाम्या वेळेतून.

माझ्या वॉर्डात मी हे रोज पाहिलं. नव्वदीच्या दशकात खेड्यांतून बायका ऑपरेशनला यायच्या. टाके काढेपर्यंत आठवडाभर ठेवायचो. पहिले दोन दिवस त्या नुसत्या झोपायच्या. आम्हांला वाटायचं भुलीचा अंमल आहे. नंतर कळलं, की भूल केव्हाच उतरलेली असायची. आयुष्यात पहिल्यांदा एक खाट फक्त त्यांची होती. तिच्या पायथ्याशी त्यांच्या नावाचा कागद लटकवलेला असायचा आणि त्या खाटेवर दुसरं कुणी बसलं तर आम्ही त्याला उठवायचो. डिस्चार्जच्या दिवशी एक बाई माझा हात धरून म्हणाली होती, “सिस्टर, डॉक्टरांना सांगून अजून एक रात ठेवा की.” पोटावर ताजा व्रण असलेली बाई सरकारी दवाखान्यातली ढेकणांची खाट सोडायला तयार नव्हती. तिला घरी काय होतं, याचा विचार करा.

आणि जळालेल्या बायकांचा वॉर्ड. तिथंही मी चार वर्षं होते. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य किती वेळा लिहून घेतलं असेल, मोजदाद नाही. त्यातल्या एकीनं मला रात्री सांगितलं होतं, “कडी बाहेरून होती.” दोनच शब्द महत्त्वाचे, ‘कडी’ आणि ‘बाहेरून’. सकाळी जबाबाला माणूस येईपर्यंत ती राहिली नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही घरात गेले की आधी दाराची कडी बघते. बायका ज्या खोलीत झोपतात त्या दाराला आतून कडी आहे का? असली तर लावायची मुभा आहे का? लावली तर बाहेरून कुणी किती वेळात दार बडवतं? खोलीचा रंग, पडदे, पलंग हे सगळं त्यानंतर.

आता बाजारातल्या ‘बेडरूम’कडे येऊ. गुळगुळीत कागदाच्या मासिकांत, रविवारच्या पुरवण्यांत, बिल्डरांच्या माहितीपत्रकांत ‘आजच्या स्त्रीसाठी शालीन, निवांत शयनगृह’ असे लेख छापून येतात. मुलीनं मला हौसेनं असा एक अंक आणून दिला होता. मी तो नीट वाचला. राखाडी-गुलाबी भिंती, मखमली डोक्याशी असलेला पलंग, पायापासून डोक्यापर्यंतचा आरसा, समया, अत्तराच्या मेणबत्त्या. पलंगावर मी मोजल्या, नऊ उशा होत्या. रात्री त्या नऊ उशा उचलून कुठं ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा कुणी रचायच्या, हे त्या लेखात नव्हतं. त्या खोलीत कुणी झोपत नाही. ती बघण्यासाठी आहे, आणि तिच्यातली बाईही बघण्यासाठीच आहे. आरसा कुठं लावायचा यावर अर्धं पान होतं. दार, कुलूप, कडी यांचा शब्दही नव्हता. घराचा कागद कुणाच्या नावावर, याचा तर प्रश्नच नाही. आणि या खोलीला नाव काय? ‘मास्टर बेडरूम’. मालकाची खोली. निदान तेवढं तरी त्यांनी खरं लिहिलं आहे.

कारण ‘शयनगृह’ ही आपल्या समाजात बाईची जागा नाही, नवऱ्याच्या हक्काची जागा आहे. कायदाही तेच म्हणतो. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंडसंहितेत नवऱ्यानं बायकोवर केलेली जबरदस्ती बलात्कारातून वगळली होती. बायकोच्या वयाची मर्यादा काय ती बदलत गेली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती १८ वर्षांवर आली. १ जुलै २०२४ पासून नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली. गुलामगिरीच्या खुणा पुसल्याचा गाजावाजा झाला, पण हा अपवाद तसाच राहिला. सज्ञान बायकोच्या ‘नाही’ला त्या खोलीत कायद्यानं बलात्काराच्या कलमाचं पाठबळ नाही. अशा खोलीत भिंतीला कुठला रंग दिला म्हणजे बाईला शांत वाटेल, हे त्या मासिकवाल्यांनी एकदा सांगावं.

आणि घराचा हक्क? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २३ वं कलम होतं. वडिलांच्या राहत्या घरात मुलीचा हिस्सा असला, तरी भाऊ वाटणी करत नाहीत तोवर तिला वाटणी मागता येत नसे. आणि त्या घरात राहायचा हक्क कुठल्या मुलीला? अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर. म्हणजे माहेरच्या घरात खोली मिळवायला आधी संसार मोडावा लागे! महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या मुलींना बाहेर ठेवून. २३ वं कलम गेलं ते २००५ च्या दुरुस्तीत. त्याच वर्षी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला, तो २६ ऑक्टोबर २००६ ला अमलात आला. त्याच्या १७ व्या कलमानं बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर असो वा नसो. लगेच २००६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सासूच्या नावावरचं घर त्यातून वगळलं. तो अर्थ चुकीचा होता हे त्याच न्यायालयानं मान्य केलं ऑक्टोबर २०२० मध्ये. मधली चौदा वर्षं किती जणी रस्त्यावर आल्या असतील?

हे हक्क आपण मिळवलेत, मैत्रिणींनो. मोर्चे काढून, सह्या गोळा करून, कोर्टाच्या पायऱ्या झिजवून. आता त्या हक्कांच्या आत राहायचं कसं, हेही शिकायला हवं. छप्पर मिळालं, पुढं काय? छपराखाली बाईला दोन तास शांत पडता येत नसेल तर हक्क कागदावरच राहिला.

आता माझ्या खोलीत काय आहे ते सांगते. लपवण्यासारखं काही नाही. खोली नऊ बाय दहाची.

पहिल्यांदा मी वस्तू बाहेर काढल्या. धान्याचे डबे, गाद्यांचा ढीग, इस्त्रीचे कपडे, शिलाई मशीन, मुलाच्या ट्रॉफ्या. बाईची खोली म्हणजे घराचं कोठार नव्हे. समोर कामाचा ढीग दिसत असेल तर डोळे मिटत नाहीत. मग भिंती. पांढरा नको होता आणि फिका हिरवा तर नकोच नको. ३५ वर्षं तोच पाहिला. ज्वारीच्या पिठासारखा रंग दिला. ट्यूब काढून पिवळसर उजेडाचा एक दिवा लावला आणि त्याचं बटण पलंगावरून हात पुरेल असं घेतलं. वीजवाल्याला नवल वाटलं. त्याला म्हटलं, “रात्री दिवा लावायला उठायचं नाही आणि विझवायलाही नाही.” पडद्याला मागून जाड गडद कापडाचं अस्तर शिवून घेतलं, म्हणजे दुपारी दोनलाही अंधार होतो. रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक नर्सनं हे तिशीतच करायला हवं. मी साठीत केलं. खिडकीला डासांची जाळी. खाट जुनीच, पण पाय कापून उंची कमी केली. काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर गुडघ्यांचं मरण. गादी पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची करून घेतली. वर आईच्या लुगड्यांची वाकळ. एक टेबल, एक खुर्ची, एक कपाट आणि त्याची किल्ली माझ्याकडे. मोठा आरसा नाही. लग्नाचा फोटो नाही. माझा नर्सिंगच्या वर्गाचा आहे, त्यात आम्ही बावीस जणी हसतोय.

खोली छान दिसते का? दिसते. मला त्यात संकोच नाही. ज्वारीच्या रंगाच्या भिंतीवर संध्याकाळी तो पिवळा उजेड पडतो तेव्हा मला फार बरं वाटतं. आपल्या चळवळीत एक समजूत आहे, की खरी कार्यकर्ती खादीची मळकी साडी नेसून सतरंजीवर झोपते. सौंदर्य म्हणजे बूर्झ्वा. ही समजूत कुठून आली? ज्या पुरुष पुढाऱ्यांच्या साधेपणाचं आपण कौतुक करतो त्यांची सतरंजी कुणी तरी झटकून घालत होतं. सकाळी त्यांच्या हातात पाणी कुणी तरी देत होतं. बाईच्या साधेपणाला हे कुणी तरी नसतं. तिचा त्याग तर जन्मापासूनच गृहीत धरलेला. मग आपणही तिला आणखी त्याग शिकवायचा?

फियांबद्दल. मी फिया भरते, पुढंही भरेन. पण त्याच बैठकीत बसलेल्या एका पुरुष सहकाऱ्यानं त्याच महिन्यात मोटारसायकल घेतली होती. त्याला कुणी विचारलं नाही, यात किती मुली शिकल्या असत्या. बाईनं स्वतःवर केलेला खर्चच तेवढा सार्वजनिक हिशोबाला लागतो.

आणि खर्चातली सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे कडी. १२० रुपये. वाद झाला तो तिच्यावरूनच. गादीला हे काही बोलले नाहीत, रंगाला बोलले नाहीत. सुतार कडी ठोकायला लागला तसे दारात येऊन उभे राहिले. “अगं, घरात दोघंच आपण. कडी कुणासाठी?” मी म्हटलं, “माझ्यासाठी.” “रात्री तुला काही झालं तर?” मी म्हटलं, “तुम्ही पुण्याला जाता तेव्हा मी एकटीच असते ना घरात.” ते चार दिवस नीट बोलले नाहीत. माझा नवरा वाईट माणूस नाही. त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नाही, नोकरीला आडकाठी केली नाही. पण ३४ वर्षांत माझ्या झोपेच्या आणि त्याच्या हाकेच्या मध्ये कधी काही आलं नव्हतं. आता पाऊण इंच लोखंड आलं. ते त्याला लागलं, हे मी समजू शकते. तरी ते राहणार.

पहिल्या रात्री मला झोप आली नाही, हेही कबूल करते. कडी लावली आणि कान देऊन बसले. कुणी हाक मारतंय का? गॅस बंद केला ना? दूध झाकलं ना? दोनदा उठून दार उघडून पाहिलं. आठवडा लागला. आठव्या दिवशी दुपारी दोनला पडले, ती साडेचारला उठले. किती तरी वेळ आपण कुठं आहोत ते कळेना.

आता तिचा सगळ्यात मोठा मुद्दा. “वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं राहतात. तिथल्या बाईला तुम्ही काय सांगणार? खोली सजव?” नाही. तिला मी विचारणार, तू कधी आडवी होतेस? बचतगटात मी हे विचारलं. पहिल्यांदा सगळ्या हसल्या. मग एक म्हणाली, “माहेरी गेल्यावर.” दुसरी म्हणाली, “ताप आल्यावर.” तिसरी म्हणाली, “सगळी गेली की मोरीत बसते थोडा वेळ, तिथं कडी आहे.” नंतर कुणी हसलं नाही.

त्या मोरीत बसणाऱ्या बाईला खोलीची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे. ‘विसावा ही मध्यमवर्गाची चैन’ असं आपण म्हणतो तेव्हा आपण तिच्या वतीनं तिचा हक्क सोडून देतो. तो अधिकार आपल्याला कुणी दिला? तिला खोली आज मिळणार नाही. पण कुलपाची एक ट्रंक मिळू शकते. खाटेभोवती जुन्या साडीचा पडदा होऊ शकतो. दुपारचा एक तास ठरू शकतो, ज्यात तिला कुणी उठवायचं नाही, आणि तो तास गटानं मिळून सांभाळायचा. आज हिची मुलं मी बघते, उद्या माझी तू. आमच्या गटात दोन गल्ल्यांनी हे सुरू केलं आहे. चार महिने झाले. भांडणं होतात, तरी चालू आहे.

व्हर्जिनिया वुल्फनं १९२८ साली केंब्रिजमधल्या विद्यार्थिनींपुढं व्याख्यानं दिली आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक केलं. लिहायचं असेल तर बाईला स्वतःचा पैसा आणि स्वतःची खोली हवी, असं तिचं म्हणणं. आपण ते कार्यशाळांत शिकवतो. पण तिनं मागितलं ते लिहिणाऱ्या बाईसाठी. मी न लिहिणाऱ्या बाईसाठी मागते. जिला नुसतं पडून राहायचं आहे, छताकडे बघायचं आहे, तिच्यासाठी. खोली मिळवायला बाईनं काही करून दाखवण्याची अट नको.

एक गोष्ट अजून बाकी आहे, ती सांगितल्याशिवाय हे उत्तर खोटं ठरेल. आमच्या घराचे हप्ते दोघांच्या पगारातून गेले, पण कागद एकट्या यांच्या नावावर आहे. म्हणजे ज्या दाराला मी कडी लावली ते दार माझं नाही. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्रानं द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या एकटीच्या नावानं घर विकत घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही आहे. मी यांना अर्ध्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करायला सांगितलं आहे. ते “बघू” म्हणाले. हा ‘बघू’ तुम्हा सगळ्यांच्या घरी आहे. मी महिन्याच्या पहिल्या तारखेला पुन्हा विचारते. विचारत राहणार.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत खर्चाचा हिशोब मला जरूर विचारा. पण त्याबरोबर प्रत्येकीनं चार प्रश्नांची उत्तरं द्या. तुम्ही कुठं झोपता? दिवा कुणाच्या मर्जीनं विझतो? दाराची कडी कुठल्या बाजूला आहे? आणि ते दार कुणाच्या नावावर आहे? उत्तरं लिहून घ्या, आपल्या अंकाकडे पाठवा. संसार दिसायला चांगला असला तरी खरं लिहा. संसार चांगला दिसत असेल तर जास्तच खरं लिहा.

माझ्याकडची ताजी बातमी एवढीच, की गेल्या मंगळवारी दुपारी तीन वाजता माझ्या दारावर टकटक झाली. ३४ वर्षांत पहिल्यांदा. मी “काय हो?” म्हटलं. बाहेरून आवाज आला, “काही नाही. चहा केलाय. उठलीस की घे.”